बरे होण्याचा अधिकार

गुढीपाडवा जवळ आला की पुणे-नाशिक हमरस्त्यावरच्या नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या उभ्या राहतात, प्रत्येक राहुटीपुढे फडाच्या नावाचा फलक लागतो, आणि जुन्नर-आंबेगावच्याच नव्हे, तर थेट नगर-नाशिककडच्याही गावांच्या यात्रा कमिट्या तेथे येऊन, कोणत्या तिथीला कोणता फड आपल्या गावी उतरावा याचा करार करून, सुपारीची रक्कम ठरवून आणि विसार देऊन परत जातात. या व्यवहारात जुन्या माणसांच्या तोंडी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे नाव आल्यावाचून राहत नाही, आणि नाव आले की ती एक हकिकतही येतेच: पूर्ण दिवस भरलेल्या विठाबाई बोर्डावर नाचत असता त्यांना कळा सुरू झाल्या, त्या पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली, आणि मूल दुसऱ्या बाईच्या हाती सोपवून पुन्हा प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या, काय घडले ते ध्यानी येताच प्रेक्षकांनीच हात जोडून खेळ थांबवण्याची विनंती केली.

ही हकिकत महाराष्ट्र अभिमानाने सांगतो. कलानिष्ठेचा याहून ज्वलंत दाखला दुसरा नाही, असे व्याख्यानांतून म्हटले जाते आणि श्रोते टाळ्या वाजवतात. त्या स्त्रीचे धैर्य लोकोत्तर होते याविषयी माझ्या मनात तिळमात्र संशय नाही. परंतु जी कथा आम्ही तिच्या गौरवार्थ सांगतो ती वस्तुतः आमच्याविरुद्धची फिर्याद आहे, असे मला अनेक वर्षे वाटत आले आहे, आणि ते स्पष्टपणे मांडण्याची वेळ आता आली आहे, असेही वाटते. कलावंताची जखम आम्हांला प्रिय असते. तो बरा व्हावा, त्याला विश्रांती मिळावी, आपल्या मुलाबाळांत त्याने चार दिवस निश्चिंत काढावेत, ही गोष्ट आमच्या कौतुकाच्या कक्षेत येत नाही.

विठाबाईंचा जन्म १९३५ सालचा, पंढरपुरातला. विठोबाच्या नगरीत जन्मली म्हणून नाव विठा. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभारला, वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो नावारूपास आणला, आणि विठाबाईंनी त्याला अशी कीर्ती मिळवून दिली की १९५७ आणि १९९० अशा दोन वेळा राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या, तेव्हा अखेरच्या आजारातील उपचारांच्या खर्चासाठी दात्यांच्या मदतीकडे पाहण्याची वेळ त्यांच्यावर आलेली होती. पुढे राज्य शासनाने त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पठ्ठे बापूरावांची गोष्टही याहून फार निराळी नाही: कुलकर्णीपणाचे वतन सोडून तमाशात आलेला, ज्याच्या लावण्यांवर पिढ्यांनी रात्री जागवल्या असा हा प्रतिभावंत १९४५ साली पुण्यात विपन्नावस्थेत वारला. मरणोत्तर गौरवाचा आमचा शिरस्ता जुना आहे.

पण आज मला विशेष विचार करावयाचा आहे तो दुसऱ्याच एका गोष्टीचा. जी बाई पडद्यामागे बाळंत होऊन पुन्हा नाचली, तिने त्या रात्रीविषयी गाणे कोणते म्हटले? असे गाणे नाही. तमाशाची रचना पाहिली तर गण, गौळण, बतावणी, लावणी, वग, हे सारे क्रमवार बांधलेले. लावणीत स्त्री प्रथमपुरुषी बोलते, ‘मी’ म्हणते, सजणाला बोलावते, रुसते, तक्रार करते. परंतु तो ‘मी’ बहुधा एखाद्या शाहिराने, म्हणजे पुरुषाने, लिहून दिलेला असतो. स्वतःच्या पोटातली कळ, स्वतःच्या लेकरांची ताटातूट, घरातले भांडण, अंगावरची उचल, या गोष्टींना त्या रचनेत प्रवेश नव्हता. बतावणीत सोंगाड्या गावच्या पाटलावर, तलाठ्यावर, सरकारच्या नव्या हुकमावर बोलू शके. नाचणारी बाई मात्र स्वतःवर बोलू शकत नसे. विठाबाईंचे जीवन शब्दांत यायला योगिराज बागूल यांना त्यांचे चरित्र लिहावे लागले. त्या चरित्राचे मोल मोठे आहे. तरीही चरित्र हे दुसऱ्याने घेतलेल्या जबानीसारखे असते, ते स्वमुखाने गायिलेले गाणे नव्हे.

म्हणूनच रॅप नावाचा जो गायनप्रकार गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या शहरांतून खेड्यांपर्यंत पोहोचला, ज्याच्या कर्कशपणाविषयी आणि शिवराळपणाविषयी सुशिक्षित घरांत तक्रारी चालतात, त्याच्याकडे मी वेगळ्या आस्थेने पाहतो. त्यातला बराचसा भाग उथळ आहे, पैशाच्या आणि पादत्राणांच्या किमती सांगण्यातच पुष्कळ गाणी खर्ची पडतात, हे मला मान्य आहे. परंतु या प्रकाराचा एक दंडक असा की गाणारा आपले शब्द आपणच लिहितो, आणि तो जे सांगतो ते त्याच्या स्वतःच्या वस्तीचे, घराचे, आईबापांचे असावे अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. तमाशातल्या बाईला जो ‘मी’ कधी मिळाला नाही, तो येथे ताडीवाला रोडवरच्या किंवा कुर्ल्यातल्या विशीतल्या पोराला पहिल्याच दिवशी मिळतो.

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील मार्शल मॅथर्स, म्हणजे एमिनेम याचे आहे. डेट्रॉइटच्या दरिद्री वस्तीत वाढलेला हा मुलगा; बाप लहानपणीच सोडून गेलेला, आईशी वैर. २००२ साली त्याने आईवर एक गाणे केले, आणि त्यात तिच्याविषयीचा सारा संताप जगासमोर ओतला. पुढे झोपेच्या आणि वेदनाशामक गोळ्यांचे व्यसन जडले. २००६ साली जिवलग मित्र गोळीबारात मारला गेला. डिसेंबर २००७ मध्ये मेथाडोनच्या अतिसेवनाने तो मृत्यूच्या दारात जाऊन परतला. २००८ च्या एप्रिलपासून तो निर्व्यसनी आहे. २००९ च्या त्याच्या गीतसंग्रहाचे नाव ‘रिलॅप्स’ आणि २०१० च्या संग्रहाचे ‘रिकव्हरी’. पडणे आणि उठणे या दोन्ही अवस्था त्याने नावांतच लोकांपुढे ठेवल्या.

त्याहूनही मला महत्त्वाचे वाटते ते २०१३ सालचे ‘हेडलाइट्स’. त्यात त्याने, पूर्वी जगापुढे जिची नालस्ती केली त्याच आईची, जगापुढेच क्षमा मागितली, आणि ते जुने गाणे आपण आता मैफलीत म्हणत नाही, हेही त्यात सांगून टाकले. आई डिसेंबर २०२४ मध्ये वारली. त्याच वर्षी आलेल्या संग्रहातल्या शेवटच्या गाण्यात त्याने अशी कल्पना केली आहे की आपण व्यसनातून वाचलोच नाही, आणि मुलीच्या आयुष्यातले सारे मंगल प्रसंग आपल्यावाचूनच पार पडले. जो वाचला त्याने न वाचलेल्याच्या मुखाने केलेली ही कबुली ऐकताना, भाषा परकी असूनही, बापाच्या जातीचा कोणीही मनुष्य हेलावल्यावाचून राहणार नाही.

येथे एक आक्षेप रास्त आहे. घरची भांडणे वेशीवर टांगून पैसा करणे हा व्यापार नव्हे काय? काही अंशी आहे. परंतु व्यसनमुक्तीचे शास्त्र ज्यांनी जवळून पाहिले त्यांना ठाऊक असेल की चार माणसांसमोर स्वतःच्या तोंडाने स्वतःची पडझड सांगणे हा उपचाराचा केवळ आरंभ नव्हे, तर त्याचा पाठीचा कणा आहे. १९३५ साली, म्हणजे विठाबाईंच्या जन्मवर्षीच, ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही चळवळ सुरू झाली. तिच्या बारा पायऱ्यांत स्वतःच्या वर्तनाचा निर्भय जमाखर्च मांडणे, तो दुसऱ्या मनुष्यासमोर कबूल करणे, ज्यांचे आपण नुकसान केले त्यांची यादी करणे आणि शक्य तेथे भरपाई करणे, ही कलमे आहेत. एमिनेमचे आईवरचे दुसरे गाणे या शेवटच्या कलमाचे पालन आहे, असे मी समजतो.

आणि हे कलम मराठी मुलखात ज्यांच्या घरामुळे रुजले, ते अनिल अवचट आमच्याच जुन्नर तालुक्यातील ओतूरचे. मांडवी नदीकाठच्या त्या गावी १९४४ साली त्यांचा जन्म झाला. पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेऊनही दवाखाना न थाटता ते लोकांची दुःखे लिहीत फिरले, ब्राउन शुगरच्या, म्हणजे त्या काळच्या भाषेत ‘गर्द’च्या, नादी लागलेल्या मुलांवर त्यांनी लिहिले, ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई देणगी घेऊन पुढे आले, आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी पतीसह पुण्यात येरवड्याला ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेथे रुग्ण एकमेकांपुढे आपली हकिकत सांगतात, आणि व्यसनी माणसाच्या पत्नीलाही, जिचे ऐकून घ्यायला कधी कोणालाच सवड झालेली नसते, ‘सहचरी’ गटात बोलता येते. कुटुंब हे उपचाराच्या बाहेर उभे राहून वाट पाहणारे नव्हे, त्यात सहभागी होणारे आहे, हे त्या संस्थेने आम्हांला शिकवले. अवचट २७ जानेवारी २०२२ रोजी गेले. काम त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांच्या हाती आहे.

ओतूरचे नाव निघालेच आहे, तर तेथल्या कपर्दिकेश्वराशेजारच्या समाधीचा उल्लेख टाळता येत नाही. ती चैतन्य स्वामींची समाधी. तुकोबांनी आपल्या अभंगात माघ शुद्ध दशमीच्या गुरुवारी स्वप्नात ज्या बाबाजींनी आपला अंगीकार केला असे सांगितले, ते हेच, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे, आणि त्या श्रद्धेने देहूकडची माणसे ओतूरची वाट चालतात. तुकोबांना आज आपण देव्हाऱ्यात बसवले आहे, म्हणून ते आपल्या घरादाराविषयी किती उघडपणे बोलले हे विसरतो. धंदा बुडाला, दिवाळे निघाले, दुष्काळात द्रव्य गेले आणि मानही गेला, एक बायको अन्नान्न करीत गेली, लोकांत तोंड दाखवण्याची लाज वाटू लागली, हे सारे त्यांनी स्वतःच्या अभंगांतून सांगितले आहे. कर्जखते इंद्रायणीत बुडवल्याची कथाही प्रसिद्ध आहे. त्यांच्या शिष्या बहिणाबाई यांनी तर पतीच्या हातचा मार, गरोदरपणातील यातना आणि पुढे त्याच पतीचे परिवर्तन, इतके सारे आत्मचरित्रपर अभंगांत नोंदवले. सतराव्या शतकात एखाद्या स्त्रीने संसाराचा असा दस्तऐवज पद्यात लिहून ठेवावा, ही गोष्ट जगाच्या वाङ्मयात विरळा आहे. तेव्हा घरातले दुःख गाण्यात आणणे ही अमेरिकेतून आयात झालेली खोड नव्हे. ते आमच्या भाषेचे सर्वांत जुने आणि सर्वांत धीट वैभव आहे. मध्यंतरी ते आम्ही गमावले, इतकेच.

ओतूरहून नगरच्या दिशेने निघाले की वाटेत आळे लागते. ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखी वेद वदवले त्या रेड्याची समाधी तेथे आहे. ती कथा ऐतिहासिक की भाविक, हा वाद पंडितांनी करावा. मला त्यात इतके दिसते की ज्याने बोलू नये असे पंक्तीत बसलेल्यांनी ठरवले होते त्याला बोलते केले गेले, आणि ज्या मातीत ही कथा सातशे वर्षे जपली गेली त्या मातीला झोपडपट्टीतल्या पोराच्या बोलण्याचा विटाळ होण्याचे काही कारण नाही.

आता पुण्या-मुंबईकडे वळतो. पुण्याच्या ताडीवाला रोडवरील अल्ताफ, ज्याला जग एमसी स्टॅन म्हणून ओळखते, १९९९ सालचा. त्याचे टोपणनाव एमिनेमच्या २००० सालच्या एका गाण्यावरून घेतलेले. बालवयात तो कव्वाली म्हणत असे. २०२० साली त्याचा ‘तडीपार’ हा संग्रह आला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दूरचित्रवाणीवरील ‘बिग बॉस’ची स्पर्धा जिंकून तो घराघरांत पोहोचला. त्याच्या सुरुवातीच्या गाण्यांत वस्तीतल्या मारामारीची फुशारकी आहे. परंतु ‘अस्तगफिरुल्लाह’ या गाण्यात, परमेश्वराजवळ क्षमा मागणाऱ्या त्या शब्दाला साजेसा, मागे वळून स्वतःकडे पाहणारा स्वर लागतो. अंधेरीचा डिव्हाइन, म्हणजे विवियन फर्नांडिस, याचे बालपण आजीच्या सावलीत गेले, कारण वडील घर सोडून गेले आणि आई पोटासाठी परदेशी. ‘कोहिनूर’, ‘पुण्य पाप’, ‘गुनहगार’ ही त्याच्या संग्रहांची नावेच त्याच्या मनाचा प्रवास सांगतात. कुर्ल्याचा नावेद शेख, म्हणजे नेझी, २०१४ साली ‘आफत’ या गाण्याने पुढे आला, आणि प्रसिद्धीच्या ऐन भरात काही काळ गाण्यापासून दूर राहून परतला. ‘गली बॉय’ हा चित्रपट २०१९ साली आला, तेव्हा या दोघांच्या जीवनातील धागे सर्वांना माहीत झाले.

या मुलांना आम्ही काय मागतो? अधिक कटुता, अधिक रक्त, अधिक बदनामी. बाप दारूडा होता तोवर गाणे खरे. बापाशी समेट झाला की पोरगा ‘मवाळ’ झाला, अशी टीका होते. शांत झोपू लागलेल्या कलावंताचा आम्हांला विश्वासघात केल्यासारखा राग येतो. आणि हे केवळ अजाण पोरे करतात असे नव्हे. विठाबाईंची पडद्यामागची रात्र वर्षानुवर्षे रंगवून सांगणारे आम्ही प्रौढ व सुशिक्षित लोकही तेच करतो. बरे झालेल्या माणसाचे गाणे लोक ऐकत नाहीत, हे तर खरे नाहीच: एमिनेमचा ‘रिकव्हरी’ हा २०१० साली जगभर सर्वाधिक खपलेल्या संग्रहांपैकी एक होता. लोक ऐकतात. त्यांना ते ऐकवण्याची हिंमत व्यवसाय करणाऱ्यांत आणि लिहिणाऱ्यांत हवी.

फडातल्या माणसांच्या बाबतीत तर हा प्रश्न भावनेचा नसून कराराचा आहे. फडमालक हंगामापूर्वी कर्ज काढतो, कलावंत त्याच्याकडून उचल घेतात, आणि उचल फिटेपर्यंत ताप असो की बाळंतपण, बोर्डावर उभे राहणे भाग असते. हा हंगाम किती नाजूक आहे ते २०२० साली दिसले: त्या वर्षीचा गुढीपाडवा २५ मार्चला आला, आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. पुढच्याही वर्षी पाडव्याच्या सुमारास पुन्हा निर्बंध आले. ज्यांचे वर्षभराचे पोट चैत्र-वैशाखाच्या यात्रांवर चालते त्यांचे दोन हंगाम बुडाले, आणि डोक्यावरच्या उचलीचा तगादा मात्र बुडाला नाही. वृद्ध कलावंतांना शासनाचे मानधन आहे. ते मिळवण्यासाठी दाखले गोळा करीत कार्यालयांचे उंबरे झिजवावे लागतात, पण निदान योजना आहे. तिशीतल्या नर्तकीच्या गुडघ्यांसाठी, ढोलकीवाल्याच्या दारूसाठी, गरोदर बाईच्या तीन महिन्यांच्या विश्रांतीसाठी काय आहे? यात्रा कमिट्यांच्या हाती पैसा असतो, बैलगाड्याच्या घाटासाठी लाखांची बक्षिसे जमतात, थापलिंगच्या खंडोबापासून गावच्या म्हसोबापर्यंत वर्गणी कोणी चुकवत नाही. त्या कमिट्यांनी सुपारीच्या करारनाम्यात एक कलम घालावे: रकमेचा ठराविक हिस्सा फडातील माणसांच्या औषधोपचारासाठी स्वतंत्र खात्यावर जमा होईल, आणि आजारी किंवा गरोदर कलावंतीण बोर्डावर न आल्यास रक्कम कापली जाणार नाही. यासाठी विधिमंडळाचा कायदा लागत नाही, गावकीचा ठराव पुरतो.

दुसरी मागणी गाण्यासंबंधी आहे. फडांतून आता चित्रपटगीतांवर नाच पुष्कळ होतो. मग बतावणीनंतरची पाच मिनिटे फडातल्याच एखाद्या बाईला किंवा पोराला स्वतःचे लिहिलेले म्हणायला का देऊ नयेत? ढोलकी आहे, तुणतुणे आहे, हलगी आहे. ठेक्यावर बोलण्याची कला सवाल-जवाबातून आमच्या रक्तात आहे. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनी आईचा वारसा स्वतःच्या फडातून समर्थपणे चालवला. त्या पिढीपाशी सांगण्यासारखे किती आहे, याचा हिशेब कोणी केला आहे का?

आणि फडाबाहेरची पोरे. ओतूर, मंचर, घोडेगावच्या बाजूला, टोमॅटोच्या क्रेट भरून झाल्यावर मोबाईलवर ठेका लावून कोणी चार ओळी जुळवीत बसला असेल, तर त्याच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना माझे सांगणे आहे. त्याने उद्या बापाच्या दारूवर गाणे केले तर घरची अब्रू घालवली म्हणून त्याला दटावू नका, आणि गाणे गाजले म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारून तेवढ्यावरच थांबूही नका. त्या बापाला पुण्याला उपचारासाठी नेण्याची गाडी गावाने करावी. तो तेथे असेतो घरी दूध-किराणा कोण पाहणार हे ठरवावे. तो परत आला की पारावर त्याच्या मागील वागण्याचे विनोद बंद करावेत. आणि पोराने बाप परतल्यावरचे दुसरे गाणे लिहिले, तर यात्रेच्या रात्री पहिल्या गाण्याची फर्माईश न करता ते दुसरे बोर्डावर होऊ द्यावे.